माइक न लागणारा माणूस

चिमूरच्या समाजमंदिरात मी पहिल्यांदा कामगार शिक्षण वर्गाला गेले, तेव्हा तिथे काय शिकवतात याची मला कल्पना नव्हती. शेजारच्या गावातली सेविका म्हणाली होती, "दोन दिवसाचा वर्ग आहे, जेवन तिथीच आहे, अन् सुपरवायझर मॅडमले सांगायचं नाई." मी तेव्हा चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका होते. घरातून बाहेर पडायला मिळतंय म्हणून गेले. पिशवीत विणकाम टाकलं होतं, कंटाळा आला तर हाताला काहीतरी असावं म्हणून.

हॉलमध्ये सतरंज्या होत्या. एका बाजूला आम्ही बायका: अंगणवाडीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, आशाताया. दुसऱ्या बाजूला पुरुष, बहुतेक कोळसा खाणीतले कंत्राटी कामगार. समोर टेबल, टेबलावर माइक, आणि वीज गेलेली. सगळे वीज येण्याची वाट पाहत बसले होते. मग मागच्या ओळीतून एक माणूस उठला. उंच, सावळा, खांद्यावर दुपट्टा. त्यानं टेबल सरकवून भिंतीला लावलं आणि आमच्यासमोर सतरंजीवरच मांडी घातली.

"माइक कशाले पाह्यजे?" तो म्हणाला. "मी बोलतो, तुमी ऐका. मंग तुमी बोला, मी ऐकतो."

त्या आवाजाबद्दल मला नीट सांगता येत नाही. गोड अजिबात नव्हता. जाड, थोडा घोगरा, ट्रकांच्या घरघरीतून बोलून बोलून तयार झालेला. पण तो ओरडत नसे. दाराशी बसलेल्या बाईलाही वाटायचं की हा आपल्याशीच बोलतोय. माझ्या हातातल्या सुया थांबल्या, एवढं आठवतं.

सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायला लागले. ते भद्रावतीचे. खाणीत ठेकेदाराकडे कामाला होते. कामगारांच्या बाजूनं बोलले म्हणून ठेकेदारानं त्यांना काढलं, आणि तेव्हापासून युनियनचं काम हेच त्यांचं काम झालं. बायको घरी शिलाई करून संसार चालवायची. एक मुलगी होती, शाळेत.

त्या दिवशी त्यांनी कायदा वगैरे काही सांगितला नाही. एकेकीला विचारलं, "आज उठल्यापासून इथी येईपर्यंत काय काय केलं ते सांगा." बायका हसायला लागल्या. माझी पाळी आली. मी सांगितलं: पाणी भरलं, स्वयंपाक केला, पोरांचे डबे, सासऱ्यांचा चहा, मग अंगणवाडीची चावी मदतनीसबाईकडे दिली, मग गाडी पकडली.

"यातलं काम कोणतं?" भाऊंनी विचारलं.

"अंगणवाडीचं."

"अन् बाकीचं?"

"ते तं घरचं आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते पुढच्या बाईकडे वळले. मी मात्र दिवसभर त्या प्रश्नात अडकून राहिले. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मला रडू आलं. कशाचं ते शेजारणीला सांगता आलं नाही.

पुढच्या वर्गाला मी गेले. त्याच्या पुढच्यालाही. वर्षभरात भाऊंनी मला समोर बसवलं. म्हणाले, "आता अर्धा वर्ग तुमी घ्याचा, बाई." ते मागे जाऊन बसले आणि मी अडखळले की हळूच एखादा प्रश्न विचारायचे, जणू त्यांनाच ती गोष्ट समजली नव्हती. मी उत्तर देता देता पुन्हा रुळावर यायचे. अशीच मी शिकवायला शिकले. अर्ज कसा करायचा, साहेबासमोर कुणी आधी बोलायचं, बैठकीत गप्प बसलेल्या बाईला कसं बोलतं करायचं, एवढंच आम्ही शिकवायचो. भाऊ साहेब होऊन खुर्चीवर बसायचे आणि बायकांनी त्यांच्याकडे मागणी घेऊन यायचं. ते असे काही खेकसायचे की एकदा एक खिचडीवाली बाई खरोखर घाबरून दारापर्यंत पळाली. मग तीच परत आली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "उठून उभे राहा जी, मी तुमच्या मायच्या वयाची हाय." भाऊ उभे राहिले. हॉल हसून लोळला.

आम्ही एसटीच्या लाल गाडीनं सगळीकडे फिरलो. भद्रावती, चंद्रपूर, तिथून गाडी बदलून चामोर्शी, आणि चामोर्शीच्याही पलीकडे जंगलातली गावं. तिथे तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका असायच्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा गोटुलच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात त्या एका कडेला बसल्या आणि आपापसांत गोंडीत बोलत राहिल्या. आमच्याकडे कुणी पाहीना. मी अस्वस्थ झाले. भाऊ आरामात एका म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले, खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, त्याच्यापुढे धरली. म्हाताऱ्यानं चिमूट घेतली. मग दुसऱ्यानं घेतली. मग एका बाईनंही हात पुढे केला.

आमच्या भागात खर्रा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटतात आणि दिवसभर गालात धरतात. पुरुष खातात, बायका खातात, शाळेतली पोरं खातात. गावात पाहुणा आला की पाण्याच्या आधी खर्रा पुढे येतो. भाऊंच्या गालात तो सकाळपासून असायचा.

त्या गावात आमच्या मदतीला एक आशाताई होत्या, तिथल्याच, गोंडी बोलणाऱ्या. भाऊ एक वाक्य बोलायचे, त्या ते गोंडीत सांगायच्या. 'संघटना' शब्द आला तेव्हा त्या थांबल्या. मग गोंडीत बराच वेळ काहीतरी बोलल्या. बायका हसल्या.

"काय सांगितलं?" भाऊंनी विचारलं.

"सांगितलं, एकटीनं गेली तं साहेब बसाले सांगत नाई. सगळ्या गेल्या तं साहेबच बसत नाई."

भाऊ इतके खूश झाले की पुढे प्रत्येक वर्गात ते हे वाक्य सांगायचे, आणि आशाताईचं आहे असंही आवर्जून सांगायचे.

परतीच्या गाडीत मी त्यांना खर्ऱ्यावरून बोलले. ते हसले. "खर्रा पुढे केल्याबिगर मानूस जवळ येत नाई, बाई. तुमी चहा पाजून पाहा. चहा पिऊन उठून जातो. खर्रा खाल्ला तं बसते, थुकते, बोलते."

हे खरंच होतं.

काही दिवसांनी माझ्या लक्षात यायला लागलं की भाऊ वर्गात आमच्यासोबत जेवत नाहीत. आधी ते पंगतीत सगळ्यांच्या मध्ये बसायचे, दुसऱ्याच्या पानातली मिरची उचलून खायचे. आता म्हणायचे, "तुमी बसा, मले एक फोन कराचा आहे." एकदा मी स्वयंपाकघराच्या मागे गेले तर ते ओट्यावर एकटे बसून भात पाण्यात कालवून बोटांनी थोडा थोडा आत ढकलत होते. मला पाहून म्हणाले, "दाढ दुखून राह्यली." मी विश्वास ठेवला. दाढ कुणाचीही दुखते.

मग चामोर्शीचा वर्ग आला. बाजाराचा दिवस होता, बाहेर गर्दीचा गलका, आत जेवणानंतरची सुस्ती. अर्धे लोक भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. त्या जंगलातल्या आशाताई वर्गाला आल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "भाऊ, मी एक खेळ घेऊ? आमच्या ट्रेनिंगमंदी शिकवला."

"घ्या की."

"सगळ्याईनं तोंड उघडाचं अन् तीन बोटं उभी आत घालाची. ज्याची जातेत तो पास."

हॉलमध्ये एकच धमाल उडाली. डुलक्या घेणारे जागे झाले. कुणाची तीन जात होती, कुणाची दोन. ज्यांची दोनच जात होती त्यांना बाकीचे चिडवत होते. आशाताई प्रत्येकाजवळ जाऊन पाहत होत्या आणि एखाद्याला दटावत होत्या, "खर्रा सोडा, दादा, नाई तं जेवन बंद होईन." भाऊ दाराकडे निघाले. "मले बाहेर काम आहे," म्हणाले. पण बायकांनी त्यांना घेरलं. "नाई नाई, भाऊ, तुमी पन! साहेबाले सूट नाई!"

भाऊंनी तोंड उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. त्यांनी एक बोट वर नेलं, ते आडवंच कसंबसं दातांच्या मध्ये गेलं. भाऊ डोळ्यांनी हसत होते, सगळे हसत होते. आशाताईंचं हसू तेवढं थांबलं. त्यांनी भाऊंचा हात धरून त्यांना खिडकीशी नेलं, मोबाइलची बत्ती लावली, आणि गाल बोटानं ओढून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "यायले नागपूरले न्या. गालात जखम आहे. जुनी आहे, बाई."

त्या दिवशी आम्ही दोघं एकाच गाडीनं परतलो. चंद्रपूर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, उद्याच जाऊ."

"बोलनी होऊ द्या," ते म्हणाले.

त्यांच्या खाणीवर तेव्हा नवा ठेकेदार आला होता आणि त्यानं जुन्या कामगारांना गेटवरूनच परत पाठवलं होतं. ती सगळी माणसं आमच्या वर्गातून गेलेली. त्यांचं आणि ठेकेदाराचं बोलणं चाललं होतं, आणि कामगारांच्या बाजूनं बोलायला भाऊ होते. दुसऱ्या कुणाला पुढे करा असं मी म्हटलं. भाऊ म्हणाले, "वर्गात बोलतेत. तिथी गेल्यावर मान खाली घालतेत. अजून एक-दोन बैठका. मंग जातो."

पावसाळा गेला. बैठका होत राहिल्या. ठेकेदार आज या, उद्या या करत होता. मी भद्रावतीला त्यांच्या घरी जायचे तेव्हा वहिनी मशीनवर बसलेल्या असायच्या. त्या भाऊंकडे पाहायच्या, माझ्याकडे पाहायच्या, आणि पुन्हा मशीन चालवायच्या. एकदा त्यांनी पाय थांबवून विचारलं, "तुमचं तरी ऐकते का तो?" मी नकारार्थी मान हलवली. "मंग कोनाचं ऐकते?" याचं उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. गेटवर थांबलेल्या माणसांचं ते ऐकत होते. त्यांच्याही घरी बायका होत्या, पोरं होती, आणि चुली विझत चालल्या होत्या. भाऊंना ते दिसायचं. स्वतःचा गाल त्यांना दिसत नव्हता.

दिवाळीच्या आधी ठेकेदारानं मान्य केलं. बहुतेकांना कामावर घ्यायचं ठरलं. काही म्हाताऱ्यांना नाही घेतलं, त्याचं भाऊंना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. गेटवर सभा झाली. मीही गेले होते. दुपारचं ऊन, धुळीनं पांढरी झालेली झाडं, ट्रकांची रांग. कामगारांनी भाऊंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, ते म्हणाले नको. ते एका लोखंडी पिंपावर उभे राहिले.

त्यांनी बोलायला सुरुवात केली. तोंड उघडतच नव्हतं. शब्द दातांच्या मागे अडकून जाड होऊन बाहेर येत होते. "साथियों" म्हणायला गेले तर काहीतरी वेगळंच ऐकू आलं. मागे उभा असलेला एक तरुण कामगार, ज्याला आजच काम परत मिळालं होतं, तो शेजाऱ्याला म्हणाला, "भाऊ आज घेऊन आला वाटते." शेजारी हसला. "खुशीत असन."

मी वळून पाहिलं. भाऊंनी ते ऐकलं होतं, कारण ते त्या दिशेला पाहत थांबले. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि पुढे बोलत राहिले. काय बोलले ते मला सांगता येणार नाही. कुणालाच कळलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, घोषणा दिल्या, पेढे वाटले. मला दिलेला पेढा मी हातात धरून उभी राहिले. भाऊंनी त्यांचा पेढा त्या तरुणाला दिला.

नागपूरला तपासणी झाली. डॉक्टर भले होते, समजावून सांगत होते. गाल, जबड्याचा एक भाग, आणि जिभेचाही काही भाग काढावा लागेल. नंतर रेडिएशनचा शेक द्यावा लागेल. "बोलता येईल का?" हे मी विचारलं. वहिनींनी विचारलं, "जगन का?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात होते. दुपारपासून त्यांचा फोन वाजत होता. खाणीवरचे कामगार, चिमूरच्या बायका, चामोर्शीहून आशाताई. भाऊ तसल्याच आवाजात प्रत्येकाशी बोलत होते. कुणाला म्हणाले, पुढच्या वर्गात अमुक विषय घ्या. कुणाला म्हणाले, हजेरीवर लक्ष ठेवा. वहिनी पलंगाशेजारी स्टुलावर बसून होत्या, मांडीवर संत्र्याची पिशवी. मी संध्याकाळच्या गाडीनं निघाले.

पुढे काय झालं ते मला महिन्याभरानं वहिनींकडून कळलं. मी गेल्यावरही फोन चालूच राहिले. शेवटी नर्सबाईंनी फोन काढून घेतला आणि झोपेची गोळी दिली. वहिनींना वाटलं होतं, सगळे गेल्यावर हे आपल्याशी काहीतरी बोलतील. काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते त्यांचा हात धरून झोपी गेले. सकाळी लवकर आत नेलं.

बाहेर आणलं तो वेगळा माणूस होता. निम्मा चेहरा आत ओढला गेलेला, मांडीची कातडी काढून गालावर लावलेली, नाकातून नळी. महिन्याभरानं घरी आणलं, तेव्हा मी भद्रावतीला गेले. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली, "भाऊ." ते वळले नाहीत. मुलीनं पाटी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाटी बाजूला ठेवली.

मी निघाले तेव्हा वहिनी मला अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे उभं राहून त्यांनी मला वॉर्डातल्या त्या संध्याकाळचं सांगितलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याले आवाज पुरवला. घरी आला की थकलेला राहे, तोंडात खर्रा राहे, हूं हूं करे. मी म्हनो, बोलन कधी तरी. आता कुठून बोलते?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला आणि काढून घेतला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला चिमूरला वर्ग होता. तो मी एकटीच घेत होते. सकाळचं सत्र सुरू झालं आणि दारात भाऊ दिसले, सोबत वहिनी. दुपट्टा चेहऱ्याभोवती गुंडाळलेला, फक्त डोळे मोकळे. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं बस म्हणून खूण केली आणि शेवटच्या ओळीत जाऊन बसले. त्या वर्गात बहुतेक लोक नवे होते, त्यांना ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. मी बोलत राहिले. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

चहाच्या सुट्टीत एक नवा कामगार, तिशीतला, त्यांच्याशेजारी बसला होता. त्यानं पन्नी काढली, घोटली, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधी शेजाऱ्यापुढे धरली. "घ्या, काका."

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी दुपट्टा सोडला.

तो माणूस हात तसाच पुढे धरून राहिला. आजूबाजूचे बोलायचे थांबले. भाऊ उभे राहिले, एकदा या बाजूला वळले, एकदा त्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असे. कुणीतरी लहानसं "अरे बाप्पा" म्हणालं. वहिनी खाली सतरंजीकडे पाहत होत्या. मग भाऊंनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. गळ्यातून आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग खाली बसले आणि दुपट्टा गुंडाळला.

मी सांगू शकले असते की त्या दिवशी सगळ्यांनी खर्रा सोडला. काहींनी पन्न्या खिडकीबाहेर टाकल्या, हे खरं. त्या माणसानं तर भाऊंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडला. पण दुपारी जेवण झाल्यावर मी बाहेर गेले, तर समोरच्या पानठेल्यावर आमच्याच वर्गातले चारपाच जण उभे होते. तो रडणाराही त्यांत होता. भाऊ आणि वहिनी रस्त्यापलीकडे गाडीची वाट पाहत थांबले होते. भाऊंना ते दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दुपट्ट्याच्या वर त्यांचे डोळे मला अजून दिसतात. रागावलेले नव्हते ते डोळे. खूप दमलेले होते.

पावसाळ्यात गळ्यात गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. शेवटचे दिवस फार वाईट गेले, त्यांचं वर्णन मी करणार नाही. चामोर्शीहून आशाताई येऊन राहिल्या, त्यांनी जखम धुतली, वहिनींना थोडं झोपू दिलं. पोळ्याच्या सुमारास भाऊ गेले.

भद्रावतीत एवढी माणसं आली की गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. खाणीवरचे आले, चिमूरच्या खिचडीवाल्या आल्या, जंगलातल्या गावातून एक गाडी भरून बायका आल्या. त्या अंगणात बसून गोंडीत रडल्या. पुष्कळांनी भाषणं केली.

तेराव्यानंतर मुलीचा मला फोन आला. "आत्या, बाबाचा आवाज असन का कोनाजवळ? जुना?" आम्ही सगळ्यांनी फोन शोधले. फोटो खूप निघाले. भाऊ पंगतीत, भाऊ मोर्च्यात, भाऊ साहेब होऊन खुर्चीत. आवाज कुणाकडेच नव्हता. ज्यांना रोज ऐकायला मिळतं ते कशाला साठवून ठेवतील? शेवटी एका कामगाराकडे एकच चित्रफीत सापडली, ती त्या गेटवरच्या सभेची. मी त्याला म्हटलं, नको पाठवू. पण त्यानं आधीच पाठवली होती. मुलीनं ती ऐकली असेल. तिनं मला पुन्हा काही विचारलं नाही.

वर्ग चालू आहेत. मी घेते, आशाताई घेतात, खाणीवरचे दोघं आता चांगलं बोलायला लागलेत. सगळीकडे माइक असतो. कुणी खर्रा पुढे केला की मी नाही म्हणते, आणि माणसं जवळ यायला वेळ लागतो, तो मी लागू देते.

मागच्या हिवाळ्यात भद्रावतीला काम होतं, तेव्हा घरी गेले. मुलगी चंद्रपूरला कॉलेजला गेलेली. वहिनी अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडत होत्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मी उठायला लागले तर त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "कसा बोले तो वर्गात?"

मी पुन्हा बसले. पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. वीज गेली होती, टेबल भिंतीला लावलं, सतरंजीवर बसले. मी त्यांच्यासारखं बोलून दाखवायचा प्रयत्न केला, पण माझ्या गळ्यात ते बसेना. वहिनी एकेक खडा वेचून बाजूला टाकत ऐकत होत्या. "घरचं काम म्हनजे काम नाई का, असं विचारलं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो. मलाच विचारलं."

त्यांचा हात थांबला. अंगणात मशीन झाकून ठेवलेली होती, त्यांनी तिकडे पाहिलं.

"मले कधी नाई म्हनला," त्या म्हणाल्या, "तू पन चाल वर्गाले म्हनून."

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. ऊन अंगणातून सरकत पायरीवर गेलं. मग त्या सूप घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "थांब, तुले गाडीपर्यंत सोडतो," आणि चप्पल घालायला आत गेल्या.